‘देण्यात आला’ म्हणजे कुणी मागितला? सिस्टरांच्या संघाचा इतिहास लिहायची माझी पद्धत

आमच्या हॉस्पिटलने मध्यंतरी स्मरणिका काढली. गुळगुळीत कागद, संस्थापकांचा पानभर फोटो, आणि मागच्या पानांत कुठेतरी एक ओळ : ‘परिचारिकांना धुलाई भत्ता देण्यात आला.’ मी तिथे चौतीस वर्षं स्टाफ नर्स होते, त्यातली अकरा वर्षं आमच्या संघाची, म्हणजे नर्सच्या युनियनची, खजिनदार. तो भत्ता आम्ही मागितला, नकार घेतला, परत मागितला, आणि लेबर ऑफिसचे जिने चढून-उतरून पदरात पाडून घेतला. बेळगावात वडगावच्या घरी दुपारी पेन्सिल घेऊन बसले आणि स्मरणिकेतल्या ‘देण्यात आला’, ‘सुरू करण्यात आली’, ‘वाढवण्यात आले’ या सगळ्यांखाली रेघा ओढल्या. सतरा रेघा झाल्या. संघाच्या इतिहासाची मी जी पुस्तिका काढली, तिची तीच अनुक्रमणिका.

तुम्हीही इथूनच सुरुवात करा. स्मरणिका नसेल तर जुना वार्षिक अहवाल चालेल. प्रत्येक रेघेपुढे दोन प्रश्न लिहा : मागितलं कुणी, आणि पहिल्यांदा कधी. संघाची स्थापना, पहिली सभा, दीपप्रज्वलन वगैरे नंतर बघता येतं.

हॉस्पिटलचं नाव मी कुठे लिहीत नाही. आमच्यातल्या दोघींच्या मुली आजही तिथे ड्युटीला आहेत.

कागद शोधणे

संघाचे कागद संघाच्या कपाटात असतील अशा भ्रमात राहू नका. आमचं ऑफिस म्हणजे अध्यक्षबाईंची कापडी पिशवी. बाई निवृत्त झाल्यावर पिशवी निपाणीला गेली, तिथून त्यांच्या सुनेच्या माळ्यावर. ठरावाची वही, म्हणजे आम्ही जिला प्रोसिडिंग म्हणायचो ती, खानापूरच्या एका सिस्टरकडे भाताच्या कणगीमागे सापडली. कडेची पानं उंदरांनी खाल्लेली, मजकूर शाबूत. पावतीपुस्तकं माझ्याकडेच होती, पोह्याच्या डब्यात. तेव्हा प्रत्येक जुन्या पदाधिकाऱ्याच्या घरी स्वतः जा. फोनवर सगळ्या म्हणतात, ‘काही नाही गं आता.’ चहा होईपर्यंत बसलात की कुणीतरी स्टुलावर चढतं.

सगळ्यात आधी पावतीपुस्तकं वाचा. ठरावात माणसं शहाणी दिसतात. पावतीच्या स्थळप्रतीत खरी दिसतात. महिना, नाव, वॉर्ड, रक्कम, सही, बस्स. पण एकापाठोपाठ एक पालटत गेलं की कळू लागतं. आमच्या एका पुस्तकात ६१ ते ७४ या चौदा पावत्या एकाच तारखेच्या, एकाच शाईच्या, आणि सगळ्या चिल्ड्रन वॉर्डच्या. त्याआधी त्या वॉर्डातून संघात एकही सभासद नव्हती. मला काही आठवेना. शेवटी तिथल्या एका जुन्या आयाने सांगितलं : इन्चार्ज सिस्टरनी रात्रीच्या पाळीला जास्त माणूस मागितला म्हणून त्यांना सगळ्यांदेखत बोल लावले होते, दुपारची ओव्हर (पाळी बदलताना कामाचा ताबा देणं) झाली आणि सगळा वॉर्ड लिनन रूममध्ये वर्गणी भरायला उभा. पुढच्या महिन्यात त्या चौदांपैकी पाचच पावत्या आहेत. त्या नऊ जणी का गळाल्या, हेही लिहायचं. लाजायचं नाही.

कोऱ्या महिन्यांची वेगळी यादी करा. वर्गणीच गोळा झाली नाही असे महिने म्हणजे एक तर सगळ्या घाबरल्या होत्या, नाहीतर खजिनदार बाळंतपणाच्या रजेवर होती. आमच्याकडे दोन्ही झालं.

सरकारी दफ्तरातलं

संघ नोंदलेला असेल तर निम्मं काम सरकारने करून ठेवलेलं असतं. ट्रेड युनियन कायदा १९२६ चा. नोंदणीच्या अर्जावर किमान ७ जणांच्या सह्या लागत. ९ जानेवारी २००२ पासून नियम कडक झाला : त्या आस्थापनेतल्या कामगारांपैकी १० टक्के किंवा १०० जण, यांतला जो आकडा लहान तो, पण ७ च्या खाली नाही. शिवाय ३१ डिसेंबरअखेरचा जमाखर्च दरवर्षी रजिस्ट्रारकडे पाठवावा लागे, आणि वर्षभरात पदाधिकारी बदलले असतील तर तेही कळवावं लागे. म्हणजे तुमच्या वह्या हरवल्या तरी सभासद किती, पैसे किती, अध्यक्ष कोण, हे सगळं कामगार खात्याच्या दफ्तरात असू शकतं. आमच्या पहिल्या सात सह्यांपैकी दोन नावं आम्हीच विसरलो होतो. ती तिथे मिळाली.

त्यासाठी माहिती अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकात एक पाचर आहे : अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आतला हवा. ‘संघाची सगळी कागदपत्रं द्या’ असं लिहू नका. नोंदणीचा एक अर्ज, वार्षिक हिशेबांचा दुसरा. आणि भाषा. कायदा म्हणतो इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा. आमच्याकडे त्याचा अर्थ कन्नड. मराठीत अर्ज घ्या म्हणून भांडायचं असेल तर जरूर भांडा, पण या कामाच्या अर्जावर नको, त्यात वर्ष जाईल. माझं कन्नड वॉर्डातलं. ‘एल्लि नोवु ऐती’ (कुठे दुखतंय) आणि ‘ऊटा आता’ (जेवण झालं) यापलीकडे जात नाही. बैलहोंगलच्या मैत्रिणीने अर्ज लिहून दिला, मी तिला पुरणाचे कडबू खाऊ घातले.

हातात आलेला कागद खरा त्या काळचा की नंतर टाइप केलेला, हे ओळखायच्या दोन खुणा सांगते. इंग्रजी लेटरहेडवर ‘बेळगावी’ (Belagavi) असेल आणि तारीख १ नोव्हेंबर २०१४ च्या आधीची, तर संशय घ्या. त्या दिवसापर्यंत इंग्रजीत सरकारी नाव ‘बेलगाम’ होतं. तसंच रुपयाचं ‘₹’ हे चिन्ह जुलै २०१० चं. मला नव्वदीच्या काळातला म्हणून एक करार दाखवला गेला, त्यात रकमांपुढे ‘₹’ छापलेलं. देणाऱ्या गृहस्थांनी फसवलं नव्हतं, मूळ प्रत फाटली म्हणून पुन्हा टाइप करून घेतली होती. पण टाइप करताना एक कलम गळालं होतं, आणि ते नेमकं रात्रपाळीच्या गाडीचं.

कायद्याचं एवढं तरी माहीत हवं

जुन्या ठरावात ‘लेबर ऑफिसात गेलो, आपली केस बसत नाही म्हणाले’ असं वाचलं की लगेच ‘साहेब विकला गेला’ असं लिहू नका. आधी साल बघा. औद्योगिक विवाद कायदा ‘उद्योगा’लाच लागू होई, आणि हॉस्पिटल हा ‘उद्योग’ आहे की नाही, यावर सुप्रीम कोर्टाचंच मत दोनदा फिरलंय. १९६० साली मुंबईच्या जे. जे. समूहातल्या वॉर्ड नोकरांच्या प्रकरणात कोर्ट म्हणालं, उद्योग आहे. १९७० साली दिल्लीच्या सफदरजंग हॉस्पिटलच्या प्रकरणात म्हणालं, नाही. फेब्रुवारी १९७८ मध्ये बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सात न्यायाधीशांनी पुन्हा उद्योगाची व्याख्या रुंद केली आणि हॉस्पिटलं आत आली. म्हणजे १९७० ते ७८ मध्ये कुणी हात हलवत परत आली असेल, तर त्यात तिचा किंवा साहेबाचा दोष असेलच असं नाही. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे, पण जुन्या घटनांना जुन्याच कायद्याची नावं आणि कलमं ठेवा.

करार मिळाला की पहिल्या पानावर कुठलं कलम लिहिलंय ते बघा. औद्योगिक विवाद कायद्यात समेट अधिकाऱ्यासमोर (कामगार खात्याच्या मध्यस्थासमोर) झालेला करार, १२(३) खालचा, सगळ्या कामगारांना लागू होतो; संघात नसलेल्यांना आणि नंतर कामाला लागलेल्यांनाही. आपसात बसून केलेला, १८(१) खालचा, फक्त सही करणाऱ्या पक्षांना बांधतो. आमचा पहिला करार आपसातला होता. म्हणून धुलाई भत्ता आधी फक्त सभासदांना मिळाला आणि मेसमध्ये एका टेबलावर दोन पगारांच्या सिस्टर जेवायला बसू लागल्या. बाहेरच्यांनी तोंड फिरवलं त्याचं मूळ त्या एका कलमात होतं, हे मला निवृत्त झाल्यावर समजलं. दुसरा करार आम्ही समेटात केला. तिथपासून स्मरणिकेतलं ‘देण्यात आला’ सुरू होतं.

संपाबद्दल थोडंच. हॉस्पिटलची सेवा लोकोपयोगी म्हणून जाहीर झालेली असेल तर आधी नोटीस द्यावी लागे, आणि नोटीस दिल्यापासून १४ दिवस संपावर जाता येत नसे. आम्ही संप कधीच केला नाही, काळ्या फिती लावून काम केलं. त्याचा पुरावा जमाखर्चात मिळाला : ‘काळी रिबन, टाचण्या, खडेबाजार.’ ठरावाच्या वहीत त्याबद्दल चकार शब्द नाही, कारण वही त्या आठवड्यात मेट्रनच्या, म्हणजे मुख्य परिचारिकेच्या, टेबलावर होती. ती तिथे कशी पोचली ते तिघींनी मला तीन तऱ्हांनी सांगितलं. मी तिन्ही छापल्या.

‘स्वतंत्र’ म्हणता, मग दाखवा

प्रत्येक संघ स्वतःला स्वतंत्र म्हणतो. ते घोषणेत शोधू नका, खर्चाच्या बाजूला शोधा. मोठ्या कामगार संघटनेला किंवा पक्षाच्या महासंघाला संलग्नता वर्गणी गेली आहे का? सभेचा हॉल कुणी दिला, भाडं दिलं की फुकट? पदाधिकाऱ्यांच्या यादीत नोकरीत नसलेली माणसं किती? बाहेरचा अध्यक्ष असणं बेकायदा नव्हतं; जुन्या कायद्यात निम्मे पदाधिकारी बाहेरचे चालत, २००२ पासून एक तृतीयांश किंवा पाच, यांतला कमी आकडा. आमचे एक वकील तीन वर्षं अध्यक्ष होते. माणूस भला, पण त्यांच्या काळात सभा त्यांच्या ऑफिसात संध्याकाळी सातला होत आणि दुपारपाळीच्या सिस्टर कधीच येऊ शकत नसत. त्या तीन वर्षांतले ठराव सुवाच्य आणि कायदेशीर आहेत, हजेरीची पानं मात्र अर्धी रिकामी.

आमच्या भागात स्वतंत्र राहण्याला आणखी एक पदर आहे. संघात खानापूरच्या मराठी, गोकाक-बैलहोंगलच्या कन्नड, केरळच्या मल्याळी, कॅम्पातल्या ख्रिस्ती अशा सगळ्या. १ नोव्हेंबरला कुणाच्या घरी कर्नाटकाचा राज्योत्सव, कुणाच्या घरी महाराष्ट्रात नाही म्हणून काळा दिवस, आणि आठ वाजता दोघी एकाच वॉर्डात ओव्हर घ्यायला हजर. दोन्हीकडचे पुढारी ‘आमच्याकडे या, काम करून देतो’ म्हणत येऊन गेले. पहिल्याच वर्षी ठराव झाला की सीमाप्रश्नावर संघ बोलणार नाही, ज्याने-त्याने घरी काय ते करावं. मी मराठीची, काळ्या दिवसाच्या फेरीत लहानपणापासून चाललेली. तरी तो ठराव मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो. संघाच्या नावाचा बोर्ड मात्र या भांडणात अडकला. कन्नड वर की मराठी वर, यावर चार सभा गेल्या आणि बोर्ड कधी रंगलाच नाही. म्हणून आमच्या संघाचा बोर्डासकट एकही फोटो नाही. पुस्तिकेत त्या जागी मी चौकट रिकामी ठेवली आणि खाली हीच हकिगत लिहिली.

बोलतं करणं

कागदाचं काम जरा पुढे गेल्याशिवाय मुलाखतींना जाऊ नका. हातात पावती असली की माणूस बोलतं. ‘तुमचा संघर्ष सांगा’ म्हटलं की सगळ्या भाषण देतात. ‘ही सही तुमचीच ना, मग पुढच्या महिन्यात का नाही?’ म्हटलं की खरं येतं. एकेकीला भेटा. चौघींना एकत्र बसवलंत तर जिचा आवाज मोठा तिचाच इतिहास होतो. नवरा समोर असेल तर पाणी मागा, नाहीतर परसात चला म्हणा.

लिहून काढताना त्यांची भाषा सरळ करू नका. आमच्याकडच्या बायका ‘मी गेलो’, ‘मी सांगितलो’ म्हणतात. पुण्याच्या भाचीने टाइप करताना सगळीकडे ‘गेले’, ‘सांगितले’ करून ठेवलं. एका मुलाखतीत मूळ वाक्य असं होतं : ‘मी म्हटलो, सर्टिफिकेट द्या आधी, मग बाँडचं बोलू.’ ‘मी म्हटले’ केल्यावर त्यातली छाती पुढे काढून उभी राहिलेली बाईच गेली. मी रात्र बसून सगळं पूर्ववत केलं. कन्नड बहिणींचं बोलणं कन्नडमधून कुणाकडून तरी नीट उतरवून घ्या, तुमच्या अंदाजाने नको. मल्याळी सिस्टर आमच्याशी मोडक्या हिंदीत बोलायच्या. तीही तशीच ठेवली.

त्या सर्टिफिकेटचं थोडं. नर्सिंगची मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायची, ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही असा बाँड लिहून घ्यायचा आणि नोकरी सोडताना अडवायचं, हे फक्त आमच्याकडचं नव्हतं. २०११-१२ मध्ये मुंबई, दिल्ली, केरळ इथे खासगी हॉस्पिटलांतल्या नर्स रस्त्यावर आल्या त्या याच कारणाने आणि पगारासाठी. पुढे जानेवारी २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्राला समिती नेमायला सांगितलं. त्या समितीची शिफारस अशी : २०० हून जास्त खाटा असतील तर पगार राज्य सरकारच्या नर्सइतका, १०० च्या वर असतील तर जास्तीत जास्त १० टक्के कमी, ५० ते १०० ला जास्तीत जास्त २५ टक्के कमी, आणि ५० च्या आत कमीत कमी २०,००० रुपये. तुमच्या संघाच्या मागणीपत्रांशेजारी हे आकडे मांडून बघा. आम्ही त्याआधीच सरकारी पगाराशी बरोबरी मागत होतो, पण आमच्या मागणीपत्रात खाटांचा हिशेबच नव्हता. ती आमची चूक होती, तसंच लिहिलं.

संघ सोडून गेलेल्यांना, संघाविरुद्ध सही केलेल्यांना, आणि जमलं तर त्या वेळच्या मेट्रनलाही भेटा. आमच्या मेट्रननी दारातच सांगितलं, ‘मी काही बोलणार नाही’, आणि मग दोन तास बोलल्या. त्यांनाही वरून काय काय ऐकावं लागे ते तोवर आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्यांचं फक्त परवानगी दिलेलं छापलं.

अध्यक्षबाईंची आई निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होती. वखारीतल्या आणि विडी वळणाऱ्या बायकांची संघटना तिने जवळून पाहिलेली. वर्षाचा हिशेब सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा, ही पद्धत बाईंनी आईकडून आणली. अकरा वर्षं तो मी वाचला, घसा कोरडा पडेस्तोवर.

वर्तमानपत्रं

वाचनालयात जुने गठ्ठे चाळायचे तर सगळे चाळू नका, डोळे जातील. १३ मेचे अंक आधी काढा; १२ मे हा परिचारिका दिन, फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्मदिवस, त्यामुळे दुसऱ्या दिवशी हमखास बातमी असते, आणि काळ्या फिती लावायला संघ तोच दिवस धरतात. मराठी अंकात ‘परिचारिका’ शोधा, कन्नड अंकात ‘दादियरु’, आणि संपाला ‘मुष्कर’. एकाच निदर्शनाची बातमी मराठी पेपरात एका आकड्याने आणि कन्नड पेपरात दुसऱ्या आकड्याने येते. दोन्ही द्या, वर आपल्या हजेरीचं पान द्या.

काय घेऊ नये

पेशंटची केस शीट, कार्डेक्स (उपचारांच्या नोंदींची कार्डं), रिपोर्ट बुक यांना हात लावू नका, कितीही कामाचं वाटलं तरी. ड्युटी चार्ट हॉस्पिटलचा असतो. पण पुष्कळ सिस्टर आपल्या डायरीत स्वतःच्या पाळ्या उतरून ठेवतात, त्या मागा. एकीच्या डायरीत रोजच्या पाळीपुढे तिने पेशंटची संख्याही लिहिली होती, नावं नव्हे, नुसते आकडे. रात्रीच्या ओळींत एका सिस्टरमागे अठ्ठावीस, तीस, एकतीस. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण शिक्षण देणाऱ्या रुग्णालयाला तीन पेशंटमागे एक नर्स असं आहे. मी त्या डायरीची दोन पानं जशीच्या तशी छापली आणि खाली एक शब्दही लिहिला नाही. नोकरीत असलेल्या कुणाचंही नाव देऊ नका, तिने ‘चालेल’ म्हटलं तरी.

छपाई

शहापूरच्या एका छापखान्यात शंभर प्रती काढल्या, पिन मारून. छापायच्या आधी आठ जणींना बसवून सगळं वाचून दाखवलं, तरी छापून आल्यावर तीन चुका निघाल्या. दोन तारखांच्या. तिसरी ज्या आयाने पकडली ती संघाची सभासदही नव्हती : ‘बाई, ती लिनन रूम चिल्ड्रन वॉर्डातली न्हवं, फिमेल सर्जिकलची. आमच्यात लिनन रूमच न्हवती.’ पावत्या चिल्ड्रन वॉर्डच्या, म्हणून मी खोलीही तिथलीच धरून चालले होते. शुद्धिपत्राच्या पट्ट्या कापल्या, खळ शिजवली, आणि माझ्या स्वयंपाकघरात तिघींनी बसून शंभर प्रतींना चिकटवल्या. खळ जरा पातळ झाली होती; पहिल्या वीस-पंचवीस प्रतींची पानं अजून एकमेकांना धरून आहेत, उघडताना जपून उघडा.